हौशी काव्यस्पर्धेचे विजेते कसे ठरवावेत : संयोजकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

मराठी भाषा गौरव दिनाचे, म्हणजे २७ फेब्रुवारीचे वेध लागले की गावोगावची सार्वजनिक वाचनालये, महाविद्यालयांची वाङ्मय मंडळे, गृहनिर्माण संस्था, कर्मचारी संघटना आणि परदेशांतील महाराष्ट्र मंडळे काव्यलेखन स्पर्धा जाहीर करू लागतात. जाहिरात सुबक होते, बक्षिसांचे प्रायोजक मिळतात, प्रमुख पाहुण्यांचा होकारही येतो. परंतु विजेते नेमके कोणत्या पद्धतीने निवडायचे हा विचार बहुतेक ठिकाणी कवितांचा गठ्ठा हातात पडल्यानंतर सुरू होतो. मग तो गठ्ठा एखाद्या निवृत्त प्राध्यापकांच्या घरी पोचवला जातो, आठ दिवसांनी तीन नावांची चिठ्ठी परत येते आणि ती व्यासपीठावरून वाचून दाखवली जाते. त्या चिठ्ठीतील निवड उत्तम असू शकते, पण ती कशी झाली हे कोणालाच सांगता येत नाही. ज्याला बक्षीस मिळाले नाही त्याला निकाल समजावून सांगता येईल, अशा रीतीने तो लावणे हे संयोजकांचे खरे काम आहे, आणि या लेखातील सगळ्या पायऱ्या त्याच हेतूने मांडल्या आहेत.

पहिली पायरी : पात्रता आणि नियम लेखी ठरवणे

‘हौशी कवींसाठी’ एवढे शब्द जाहिरातीत घालून भागत नाही, कारण मराठीत केवळ कवितेवर चरितार्थ चालवणारा माणूस जवळजवळ सापडत नसल्यामुळे त्या अर्थाने सगळेच कवी हौशी ठरतात. व्याख्या तपासता येईल अशी हवी. ‘प्रवेशिका पाठवण्याच्या अंतिम तारखेपर्यंत ज्यांचा स्वतंत्र काव्यसंग्रह प्रकाशित झालेला नाही, असे कवी’ ही व्याख्या सोपी आणि बऱ्यापैकी न्याय्य आहे. मात्र स्वखर्चाने काढलेला संग्रह, ई-पुस्तक आणि प्रातिनिधिक संग्रहातील सहभाग यांचे काय करायचे हेही त्याच वाक्याखाली स्पष्ट करावे. माझ्या मते स्वखर्चाचा संग्रह आणि ई-पुस्तक हे संग्रहच मानावेत, तर प्रातिनिधिक संग्रहात एक-दोन कविता असल्याने कोणी अपात्र ठरू नये.

‘अप्रकाशित कविता’ या अटीचा अर्थही असाच उलगडून सांगावा लागतो. दिवाळी अंकात छापलेली कविता प्रकाशित आहे याबद्दल वाद होत नाही, पण फेसबुकवर टाकलेली किंवा व्हॉट्सॲपच्या समूहात पाठवलेली कविता प्रकाशित समजायची की नाही, यावरून निकालानंतर भांडणे होतात. समाजमाध्यमावर फिरलेली कविता परीक्षकांनी कवीच्या नावासह आधीच वाचलेली असू शकते, आणि तसे झाले तर पुढे नाव झाकण्याचा सगळा खटाटोप वाया जातो. म्हणून अशी कविता स्वीकारू नये, हा नियम मला अधिक सुरक्षित वाटतो.

याखेरीज प्रत्येकी किती कविता, ओळींची मर्यादा किती, संयोजक आणि परीक्षक यांच्या कुटुंबीयांना भाग घेता येईल की नाही (येऊ नये), अठरा वर्षांखालील कवींसाठी वेगळा गट आहे का, आणि पहिला क्रमांक नंतर रद्द झाल्यास दुसरा वर सरकेल की जागा रिकामी राहील, एवढ्या बाबी नियमावलीत असाव्यात. चारोळी, गझल आणि दीर्घकविता एकाच गटात घेऊ नयेत, कारण त्यांची तुलना करताना परीक्षक नकळत लांबीलाच गुण देऊ लागतात. विषय देण्याचा मोहही शक्यतो टाळावा. ‘आई’ किंवा ‘पाऊस’ हा विषय दिला की शंभरातील सत्तर कविता एकाच वळणाने जातात आणि निवड करणाऱ्याची धार बोथट होते.

दुसरी पायरी : समारंभाच्या तारखेपासून उलटे वेळापत्रक आखणे

समारंभ २७ फेब्रुवारीला असेल, तर नियमावली नोव्हेंबरच्या आरंभी जाहीर व्हावी आणि प्रवेशिकांची मुदत ३१ डिसेंबरला संपावी. जानेवारीचा पहिला आठवडा नोंदणी आणि संकेतांकासाठी (कवितेवर नावाऐवजी घालायच्या क्रमांकासाठी), त्यानंतरचे दोन आठवडे प्राथमिक फेरीसाठी आणि पुढचे तीन आठवडे अंतिम परीक्षकांच्या वाचनासाठी राखावेत. परीक्षकांची बैठक १५ फेब्रुवारीच्या सुमारास झाली, की पडताळणी, विजेत्यांना फोन, प्रमाणपत्रांची छपाई आणि बाहेरगावच्या विजेत्यांचे प्रवासाचे आरक्षण यांसाठी जेमतेम पुरेसा वेळ उरतो. एवढी सवड नसेल तर घाईने निकाल लावण्यापेक्षा कार्यक्रम २१ मार्चला, युनेस्कोने १९९९ मध्ये घोषित केलेल्या जागतिक कविता दिनाला ठेवावा. मुदतवाढ मात्र देऊ नये. शेवटच्या दिवशी मुदत वाढवणारी संस्था वेळेत कविता पाठवणाऱ्यांवर अन्याय करते, आणि वाढीव आठवड्यात आलेल्या कवितांबद्दल पुढे नेहमीच कुजबुज होते.

तिसरी पायरी : प्रवेशिका एकसारख्या करणे

प्रवेशिका कोणत्या स्वरूपात यावी हे काटेकोरपणे सांगावे, कारण इथली ढिलाई थेट निकालापर्यंत पोचते. मजकूर युनिकोड देवनागरीत मागवावा; जुन्या पद्धतीच्या टंकांत टाइप केलेली कविता दुसऱ्या संगणकावर उघडली की अगम्य चिन्हांची रांग दिसते. मोबाइलच्या पडद्यावर लांब ओळ आपोआप दुमडते आणि उतरवून घेणारा माणूस तिच्या दोन ओळी करतो, ही चूक फार वेळा होते, विशेषतः मुक्तछंदात, जिथे ओळ कुठे तोडली यालाच अर्थ असतो. म्हणून मजकुराबरोबर मूळ मांडणीचे एक छायाचित्र मागवणे आणि दोन्ही ताडून पाहणे इष्ट. फुलांची नक्षी, रंगीत पार्श्वभूमी, हसरे चेहरे असे सगळे काढून टाकून सर्व कविता एकाच टंकात, एकाच आकारात आणि एका पानावर एक या पद्धतीने छापाव्यात. सुंदर छापलेली कविता दोन गुणांनी वर जाते, हे कबूल करायला परीक्षकांना आवडत नाही, पण ते खरे आहे.

हस्तलिखित प्रवेशिकांना बंदी घालू नये. तसे केल्यास ज्येष्ठ नागरिक आणि ग्रामीण भागातील अनेक जण बाहेर राहतात. अशा कविता संयोजकांनी टाइप करून घ्याव्यात, कवीला दाखवून त्याची संमती घ्यावी, आणि ऱ्हस्व-दीर्घासह काहीही परस्पर दुरुस्त करू नये. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या तोंडून उतरवून घेतलेली कविताही स्वीकारावी, फक्त उतरवणाऱ्याचे नाव अर्जात असावे. बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या आणि त्यांच्या ओव्या इतरांनी टिपून ठेवल्या म्हणूनच आपल्यापर्यंत आल्या. ‘स्वहस्ताक्षरातच हवी’ असा आग्रह धरणाऱ्या स्पर्धेत त्यांना प्रवेश मिळाला नसता.

चौथी पायरी : नाव झाकणे

एका विश्वासू व्यक्तीला नोंदणीप्रमुख नेमावे. ती व्यक्ती परीक्षक नसावी, स्पर्धकही नसावी. कवीचे नाव, पत्ता, वय आणि दूरध्वनी असलेला अर्ज तिच्याकडेच राहील, आणि कवितेच्या पानावर केवळ संकेतांक असेल. हे क्रमांक प्रवेशिका आल्या त्या क्रमाने न देता चिठ्ठ्या टाकून किंवा संगणकावर सरमिसळ करून द्यावेत, कारण ‘मी पहिल्याच दिवशी पाठवली’ असे चारचौघांत सांगणाऱ्या कवीचा क्रमांक ओळखणे अवघड नसते. फाइलचे नाव, फाइलच्या गुणधर्मांत नोंदलेले लेखकाचे नाव आणि कवितेखाली सवयीने लिहिलेली सही, या तिन्ही जागा तपासाव्यात.

मराठी कवितेत नाव आणखी एका जागी दडलेले असते, आणि तिथे संयोजकांचे सहसा लक्ष जात नाही. अभंगाच्या शेवटच्या चरणात नाममुद्रा असते आणि गझलेच्या मक्त्यात, म्हणजे शेवटच्या शेरात, शायर आपले टोपणनाव गुंफतो. हे नाव नंतर खोडता येत नाही, कारण खोडले तर अक्षरांचा किंवा मात्रांचा हिशेब मोडतो. म्हणून ‘रचनेत नाममुद्रा अथवा टोपणनाव नसावे’ ही अट मुळातच घालावी, आणि तरीही ते आढळले तर मुदतीच्या आत कवीला बदल करण्याची एक संधी द्यावी.

इतका काटेकोरपणा गावातल्या स्पर्धेसाठी कशाला, असा प्रश्न येईल. वास्तविक लहान गावातच त्याची गरज जास्त असते, कारण तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. ब्रिटनमधील पोएट्री सोसायटी १९७८ पासून जी राष्ट्रीय काव्यस्पर्धा घेते, तिच्यातही कविता परीक्षकांपुढे कवीच्या नावाविना ठेवल्या जातात.

पाचवी पायरी : परीक्षकांची निवड

अंतिम फेरीसाठी तीन परीक्षक असावेत. दोघांत मतभेद झाला तर अडून बसावे लागते आणि पाचांचे वेळापत्रक जुळत नाही. तिघेही एकाच पंथाचे नसावेत, ही अट संख्येहून महत्त्वाची आहे: एकाला वृत्त-छंदांची नीट जाण असावी, दुसऱ्याचा आजच्या मुक्तछंदातील कवितेशी संबंध असावा, आणि तिसरी व्यक्ती स्वतः कविता न लिहिणारी, पण भरपूर कविता वाचणारी असावी. हा तिसरा परीक्षक संयोजकांना नेहमी दुय्यम वाटतो. बैठकीत मात्र बऱ्याचदा तोच इतर दोघांना तंत्रातून बाहेर काढतो.

परीक्षकांना मानधन द्यावे, लहान का असेना. किती कविता वाचायच्या, किती दिवसांत, अभिप्राय किती लिहायचा आणि समारंभाला उपस्थित राहायचे की नाही, हे होकार घेतानाच सांगावे. त्यांची नावे नियमावलीतच जाहीर करावीत, म्हणजे त्यांचे विद्यार्थी किंवा निकटवर्तीय स्वतःहून बाजूला राहू शकतील. त्याबरोबरच ‘परीक्षकांशी संपर्क साधल्यास प्रवेशिका बाद होईल’ असेही छापावे. वाचताना एखाद्या कवितेचा कर्ता ओळखू आला तर परीक्षकाने नोंदणीप्रमुखाला कळवून त्या कवितेपुरते बाजूला व्हावे. अशा वेळी उरलेल्या दोघांनी दिलेल्या क्रमांकांची सरासरी त्याच्या जागी धरावी.

सहावी पायरी : प्राथमिक फेरी

दोनशे कविता आल्या आणि प्रत्येकीला तीनच मिनिटे दिली, तरी एका परीक्षकाचे दहा तास जातात, आणि ते एकदाच वाचून. म्हणून पन्नासहून अधिक कविता असतील तर चाळणी हवीच. ती चाळणी अशी असावी: प्रत्येक कविता दोन वाचकांनी स्वतंत्रपणे वाचावी, ‘ठेवावी’ किंवा ‘वगळावी’ एवढेच लिहावे, आणि दोघांनीही वगळावी म्हटले तरच ती बाजूला जावी. एकाला आवडलेली आणि दुसऱ्याला मुळीच न आवडलेली कविता या फेरीत टिकली पाहिजे, कारण वेगळ्या वाटेने जाणारी कविता नेमकी अशीच मते मिळवते. अंतिम फेरीत पंचवीस ते तीस कविता पुरेत. बाजूला काढलेल्या गठ्ठ्यातून कोणत्याही दहा कविता उचलून एका अंतिम परीक्षकाला वाचायला द्याव्यात. त्यांतील एखादी त्याला ठेवण्याजोगी वाटली, तर चाळणी फार बारीक झाली असे समजून तो गठ्ठा पुन्हा उघडावा.

सातवी पायरी : निकष

बऱ्याच ठिकाणी गुणपत्रकावर ‘विषय १०, आशय १०, भाषा १०, यमक १०, शुद्धलेखन १०’ असे रकाने असतात. हे पत्रक निबंधाचे आहे. त्याने निवड केली तर कोणताच रकाना न दुखावणारी, म्हणजे बेताची कविता पहिली येते आणि मुक्तछंदातील कवितेला यमकाचे दहा गुण आपोआप गमवावे लागतात. त्यापेक्षा परीक्षकांना चार प्रश्न द्यावेत. या कवितेला स्वतःचे काही म्हणायचे आहे का, की परिचित भावनाच पुन्हा सांगितली आहे? तिच्यातील शब्द आणि प्रतिमा तिच्याच आहेत का? तिने निवडलेली रचना तिने निभावली आहे का? आणि दुसऱ्या वाचनात ती वाढते की आटते? चौथ्या प्रश्नासाठी प्रत्येक कविता किमान दोन वेगळ्या दिवशी वाचणे आले.

रचनेच्या बाबतीत कवीने जे वचन दिले आहे तेवढेच तपासावे. शार्दूलविक्रीडित म्हणून पाठवलेल्या कवितेच्या प्रत्येक चरणात १९ अक्षरे आणि त्यांचा ठरलेला लघु-गुरू क्रम हवा. भुजंगप्रयातात १२ अक्षरे, म्हणजे चार ‘य’ गण (लघु-गुरू-गुरू) हवेत. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरसंख्या अपेक्षित असते, पण तिथे गाताना मिळणारी सूट लक्षात घ्यावी. गझलेत मतला (पहिला शेर), काफिया (यमक) आणि रदीफ (यमकानंतर पुन्हा पुन्हा येणारे शब्द) सांभाळले आहेत का आणि प्रत्येक शेर स्वतंत्रपणे उभा राहतो का, हे पाहावे. मुक्तछंद हे सैल लिहिण्याचे परवानापत्र नव्हे. त्यात ओळ जिथे तुटते तिथे ती का तुटली याचे उत्तर कवितेतून मिळायला हवे.

शुद्धलेखनाचे गुण स्वतंत्रपणे ठेवू नयेत. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, आगरी किंवा झाडीबोलीतील कविता प्रमाण लेखनाच्या मोजपट्टीने मोजली की ती उगाचच हरते. त्या बोलीचा जाणकार परीक्षकांत नसेल, तर कवीकडून कठीण शब्दांचा अर्थ मागवून तो पानाखाली छापावा.

आठवी पायरी : गुणांची बेरीज की पसंतीचा क्रम?

विजेता ठरवताना सर्वाधिक गफलत इथे होते, आणि तीही अगदी प्रामाणिक माणसांच्या हातून. तीन परीक्षकांनी शंभरपैकी गुण द्यायचे, त्यांची बेरीज करायची आणि सर्वाधिक बेरजेला पहिला क्रमांक, ही पद्धत निर्दोष दिसते. एक कल्पित उदाहरण घेऊ. संकेतांक ७, १९ आणि २३ या तीन कविता आहेत. पहिले परीक्षक मोकळ्या हाताने गुण देणारे असून त्यांनी या तिघींना अनुक्रमे ६२, ८८ आणि ७५ गुण दिले. दुसरे जपून देणारे. त्यांचे गुण ७६, ७१ आणि ७३. तिसऱ्यांचे ७५, ७० आणि ७४. बेरीज केली तर १९ क्रमांकाच्या कवितेला २२९, २३ क्रमांकाच्या कवितेला २२२ आणि ७ क्रमांकाच्या कवितेला २१३ गुण मिळतात. विजेती कविता १९ क्रमांकाची.

आता प्रत्येकाची पसंती पाहावी. दुसऱ्या आणि तिसऱ्या परीक्षकांच्या मते ७ ही पहिली, २३ दुसरी आणि १९ शेवटची आहे. म्हणजे तिघांपैकी दोघांनी जी तळाशी ठेवली ती कविता जिंकली, आणि दोघांनी जी पहिली ठरवली ती तळाला गेली. कारण एवढेच की पहिल्या परीक्षकांच्या गुणांत २६ गुणांचे अंतर आहे, तर इतरांच्या गुणांत पाच-पाचच गुणांचे. ज्याचे गुण जास्त पसरलेले असतात त्याचे मत बेरजेत वजनदार होते, मग त्याची जाण कमी असो वा अधिक. तिघांचे क्रमांक मिळवले तर ७ ला ३+१+१ म्हणजे ५, २३ ला ६ आणि १९ ला ७ अशी बेरीज येते, आणि सर्वांत लहान बेरीज पहिली धरली की निकाल बरोबर उलटा होतो.

म्हणून परीक्षकांकडून गुण मागवू नयेत, क्रम मागवावा. स्वतःच्या सोयीसाठी त्यांनी गुण मांडून पाहावेत, पण संयोजकांना द्यायचा तो पहिल्या दहा कवितांचा क्रम. पहिल्या कवितेला दहा अंक, दुसरीला नऊ, अशा रीतीने दहावीला एक आणि यादीबाहेरच्या कवितांना शून्य अंक देऊन बेरीज करावी. क्रमावरून अंक देण्याची ही कल्पना अठराव्या शतकात फ्रान्समधील ज्यां-शार्ल द बोर्दा या गणितज्ञाने निवडणुकांसाठी मांडली होती. तिच्यातही उणीव आहे: कोणाचीच पहिली पसंती नसलेली, पण सर्वांना बरी वाटलेली कविता तिच्यामुळे वर येऊ शकते. त्यामुळे या अंकांनी विजेता जाहीर करू नये; चर्चेसाठी आठ-दहा कविता निवडण्यापुरताच त्यांचा उपयोग करावा.

आणखी एक दक्षता अशी, की तिन्ही परीक्षकांना कवितांचा गठ्ठा वेगवेगळ्या क्रमाने लावून द्यावा. गठ्ठ्याच्या सुरुवातीला आणि थकव्याच्या वेळी वाचलेल्या कवितांना सारखा न्याय मिळत नाही, आणि सर्वांचा क्रम एकच असेल तर तो अन्याय तिप्पट होतो.

नववी पायरी : परीक्षकांची बैठक

बैठक प्रत्यक्ष व्हावी. ते अशक्य असेल तर व्हिडिओवर. तोपर्यंत परीक्षकांनी एकमेकांचे क्रम पाहिलेले नसावेत. चर्चेपूर्वी प्रत्येक कविता परीक्षक नसलेल्या एखाद्याने स्वच्छ आवाजात, अभिनय न करता वाचून दाखवावी, कारण लयीतले दोष कागदावर लपतात पण कानाला लगेच कळतात. वयाने किंवा मानाने सर्वांत कनिष्ठ असलेल्या परीक्षकाने आधी बोलावे. ‘सर म्हणतात तेच’ हे वाक्य आपल्या बैठकांत फार लवकर येते, आणि ते आल्यानंतर बैठक संपल्यासारखीच असते.

चर्चेनंतर परीक्षकांना क्रम बदलण्याची मुभा असावी आणि अंतिम क्रम पुन्हा लेखी घ्यावा. बरोबरी झाल्यास काय करायचे हे आधीच ठरलेले हवे: ज्या कवितेला अधिक परीक्षकांनी पहिली पसंती दिली ती वर, तरीही सुटले नाही तर बक्षीस विभागून द्यावे. चिठ्ठी टाकू नये. ‘प्रथम क्रमांकास पात्र कविता आढळली नाही’ असे म्हणण्याचा अधिकार परीक्षकांना असतो, पण हौशी कवींच्या स्पर्धेत तो वापरणे मला कठोर वाटते. आलेल्या कवितांमधील सर्वोत्तम कविता निवडणे एवढेच तिथे अपेक्षित असते. त्याचे दुसरे टोकही टाळावे. सर्वोत्कृष्ट, उत्कृष्ट, प्रथम, द्वितीय, तृतीय, विशेष उल्लेखनीय, लक्षवेधी अशा पायऱ्या वाढवत चाळीस स्पर्धकांना पस्तीस सन्मानपत्रे वाटणारे समूह आपण सगळेच पाहतो. तीन क्रमांक आणि दोन उत्तेजनार्थ एवढी बक्षिसे पुरेशी आहेत.

बैठक संपण्यापूर्वी प्रत्येक विजेत्या कवितेवर दोन-तीन वाक्यांचा अभिप्राय लिहून घ्यावा आणि निकालपत्रावर तिघांच्या सह्या घ्याव्यात. त्यानंतरच नोंदणीप्रमुखाने संकेतांकांची यादी उघडावी. नावे पाहिल्यावर क्रमांक बदलायचे नाहीत; पाचही विजेते एकाच महाविद्यालयाचे निघाले तरी नाहीत.

दहावी पायरी : पडताळणी

विजेत्यांची पात्रता आणि कवितेचे स्वामित्व निकाल जाहीर करण्याआधी तपासावे. कवितेतील दोन-तीन वैशिष्ट्यपूर्ण ओळी अवतरणचिन्हांत घालून शोधाव्यात, पण जुन्या दिवाळी अंकांचा फार मोठा भाग आंतरजालावर नसल्यामुळे या शोधावर विसंबू नये. परीक्षकांच्या स्मरणाचा आणि एखाद्या जुन्या ग्रंथपालाचा उपयोग अधिक होतो. यंत्राकडून लिहून घेतलेल्या कवितांबद्दल नियम स्पष्ट असावा. तो मोडला गेला का हे ओळखणाऱ्या साधनांचा निर्णय मात्र प्रमाण मानू नये. ती साधने माणसाने लिहिलेल्या मजकुरावरही चुकीचा शिक्का मारतात. शंका आली तर कवीला फोन करून कविता कशी सुचली, आधीचे खर्डे आहेत का, अमुक शब्द का निवडला, असे सहजपणे विचारावे. आपली कविता असलेला माणूस तिच्याबद्दल बोलताना थांबत नाही. आरोपाची भाषा पुरावा हाती येईपर्यंत कोणाशीही वापरू नये.

अकरावी पायरी : निकाल कळवणे

विजेत्यांना प्रथम फोनवर सांगावे आणि जाहीर होईपर्यंत गुप्तता पाळण्याची विनंती करावी. त्याच संभाषणात प्रमाणपत्रावर छापायचे नाव (टोपणनाव हवे का, आडनाव कसे लिहितात), धनादेशावरील नाव, समारंभाला येण्याची सोय आणि कविता स्वतः वाचणार का, हे विचारून घ्यावे. प्रमाणपत्रावर नाव चुकण्याइतकी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाही.

ज्यांना बक्षीस मिळाले नाही त्यांनाही त्याच दिवशी पत्र जावे. मजकूर साधा असावा: ‘आपली कविता दोन वाचकांनी स्वतंत्रपणे वाचली. अंतिम फेरीसाठी तिची निवड होऊ शकली नाही. स्पर्धेत किती कविता आल्या, त्यांची निवड कोणत्या टप्प्यांनी झाली आणि विजेत्या कवितांवर परीक्षकांनी काय म्हटले आहे, हे सोबत जोडले आहे.’ अंतिम फेरीत पोचलेल्यांना तसे स्वतंत्रपणे कळवावे; त्या एका वाक्याने पुढच्या वर्षी कवी टिकतो. आक्षेपासाठी सात दिवस द्यावेत, पण आक्षेप नियमभंगाबद्दलच घेता येईल, परीक्षकांच्या आवडीबद्दल नाही, असे आधीच लिहिलेले असावे. जाहीर निकालात विजेत्याचे नाव आणि गाव पुरे. फोन क्रमांक आणि पूर्ण पत्ता कधीही छापू नये, आणि अठरा वर्षांखालील विजेत्यांचे नाव व छायाचित्र पालकांच्या लेखी संमतीनेच वापरावे.

बारावी पायरी : समारंभ आणि प्रकाशन

दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार आणि अध्यक्षीय भाषण यांच्या गर्दीत विजेत्यांच्या वाट्याला व्यासपीठावरील छायाचित्रापुरते अर्धे मिनिट येते. क्रम बदलावा: प्रास्ताविक झाल्यावर लगेच पाचही विजेत्यांनी कविता वाचाव्यात, प्रत्येक कवितेनंतर परीक्षकांपैकी एकाने तिचा अभिप्राय वाचावा, आणि पाहुण्यांचे भाषण शेवटी व्हावे. पाहुण्यांनाही त्यामुळे बोलायला विषय मिळतो.

कविता स्मरणिकेत छापायच्या असतील तर छपाईपूर्वीचे मुद्रित (प्रूफ) कवीला दाखवून घ्यावे. ‘सर्व प्रवेशिकांचे हक्क संयोजकांकडे राहतील’ असे वाक्य नियमावलीत घालण्याची प्रथा वाईट आहे आणि ती कायद्यापुढेही लंगडी पडते. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार लेखनाचा पहिला हक्कदार सर्वसाधारणपणे लेखकच असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. कलम ५७ प्रमाणे हक्क दिल्यानंतरही कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा आणि लेखनाची मोडतोड होऊन आपल्या लौकिकाला बाध येत असल्यास हरकत घेण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. संयोजकांना खरी गरज असते ती फक्त विजेत्या कविता स्मरणिकेत एकदा छापण्याच्या आणि समारंभात वाचण्याच्या परवानगीची. तेवढीच लेखी मागावी.

तेरावी पायरी : दप्तर

नियमावली, परीक्षकांचे दोन्ही वेळचे क्रम, सह्या असलेले निकालपत्र आणि अभिप्राय एका पाकिटात घालून किमान वर्षभर जपावेत. आक्षेपाची मुदत संपली की विजेते नसलेल्यांचे पत्ते, फोन क्रमांक आणि जन्मतारखा काढून टाकाव्यात, आणि त्या कविता कोणत्याही समूहात पुढे पाठवू नयेत. पुढच्या वर्षीच्या समितीसाठी एका पानावर तीन नोंदी ठेवाव्यात: कोणत्या नियमाबद्दल सर्वाधिक विचारणा झाली, परीक्षकांना वाचनाला प्रत्यक्षात किती वेळ लागला, आणि प्राथमिक फेरीत बाद झालेली एखादी कविता नंतर कोणाला चांगली वाटली का. परीक्षकांपैकी दोघे बदलावेत आणि एक कायम ठेवावा, म्हणजे नव्या परीक्षकांना बैठकीची पद्धत सांगणारे कोणीतरी समोर असेल.